गावठी कुत्र्याचे कुळ

मोखाड्याच्या पाड्यावर रात्री पाऊल टाकावे, तो पहिली चौकशी करतो गावठी कुत्रा. त्याच्या जातकुळीचा पत्ता नाही. पण शेळ्या-कोंबड्यांची राखण त्याच्याच भरवशावर! आपल्या वाङ्मयानेही कुत्र्याचे कुळ विचारले नाही. युधिष्ठिराने इंद्राचा रथ नाकारला, तो हस्तिनापुराहून मागे आलेल्या साध्या कुत्र्यासाठी. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आजही आजीच्या गोष्टीत भेटतात. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकात शिवरायांचा वाघ्या आला. रायगडावर १९३६ साली त्याचे स्मारक झाले. समकालीन कागदांत मात्र वाघ्याचा उल्लेख सापडत नाही. इतिहासाने पुरावा मागावा, हे योग्यच. पण त्या स्मारकाने माणसाच्या मनातली कृतज्ञता तर सिद्ध केलीच. वाचकहो, फराळ करताना दारातल्या त्या बिनकुळीच्या राखणदाराला भाकरी घालायला विसरू नका!