केसकर आणि कान किटविणारी गाणी

गाणे नकोसे होते ते कशामुळे? १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी दोष दिला तो पाश्चात्त्य वळणाच्या चालींना आणि हलक्या शब्दांना. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोत्यांनी मात्र रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला, आणि १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने नमते घेतले.

आमच्या मते निदानच चुकले होते. खरा जाच पुनरुक्तीचा. पण नामघोषातही तेच शब्द शंभरदा येतात, तरी कोणी कंटाळत नाही! तेथे गाणारे आपणच असतो, आणि लय चढत जाते. कर्ण्यावरची तबकडी दहाव्या फेरीतही पहिल्याच जागी असते. उत्सवात ती थांबविणे ऐकणाऱ्याच्या हाती नसते.