खर्जाची किंमत



जुन्या ध्वनिक्षेपकाला किती शक्तीचा ध्वनिवर्धक जोडावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा वाटतो. वस्तुतः त्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला म्हणजे चांगली वस्तू हकनाक वाईट ठरते. वडिलांच्या वेळची भारी पेटी घरात असते. तिला एखादा किरकोळ ध्वनिवर्धक जोडतात. आवाज फाटतो आणि पेटी भंगारात जाते. दोष मात्र पेटीचा नसतो, जोडीचा असतो.

या इतिहासाचा आरंभ चित्रपटगृहात झाला. ऑगस्ट १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे 'डॉन जुआन' हा चित्रपट तबकडीवरील संगीतासह दाखविण्यात आला. त्या काळचे व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक थोड्याच वॉटांचे असत. तरीही त्यांच्या बळावर सारे प्रेक्षागृह दुमदुमे. ही किमया कर्ण्याची. मंडपाच्या खांबाला बांधलेला कर्णा आपल्या परिचयाचा आहेच. निमुळत्या टोकापासून रुंद होत जाणारी ती नळी पडद्याचा आणि हवेचा मेळ घालून देते, त्यामुळे विजेचा बराच मोठा अंश ध्वनीत उतरतो. पण खर्ज हवा असेल तर कर्णा अवाढव्य लागतो. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली अमेरिकेतील होप या गावी कारखाना काढला. त्यांनी कर्णा दुमडून खोलीच्या कोपऱ्यात बसविला आणि भिंतींनाच त्याचा भाग बनविले. तरीही ती पेटी कपाटाएवढी राहिलीच.

१९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी निराळी वाट धरली. आपले विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे 'अ‍ॅकॉस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. ध्वनिक्षेपकाचा पडदा सैल टांगायचा, पेटी हवाबंद करायची, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम सांगायचे, ही त्यांची कल्पना. कापडाची किंवा कागदाची स्प्रिंग फार ताणली की वाकडी वागते; हवेची स्प्रिंग पुष्कळच सरळ वागते. परिणामी लहानशा पेटीतून शुद्ध आणि खोल खर्ज निघू लागला. १९५८ साली आलेली त्यांची एआर-३ ही पेटी पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली.

परंतु निसर्गाच्या दरबारात फुकट काही मिळत नाही. क्लॉस यांच्याबरोबर १९५७ साली केएलएच ही कंपनी काढणारे अँटन हॉफमन यांच्या नावाने एक 'लोहनियम' सांगितला जातो. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच गोष्टी पदरात पडतात. व्हिल्चर यांनी पहिल्या दोन घेतल्या. तिसरीची भरपाई ध्वनिवर्धकावर पडली. कर्ण्यापेक्षा एखादी पेटी १५ डेसिबलांनी मंद असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी सुमारे ३२ पट वीज लागते. शिवाय संगीत एका पातळीवर चालत नाही. तबल्यावर जोराची थाप पडली की क्षणभर सरासरीच्या दसपट किंवा त्याहूनही अधिक शक्ती हवी असते. ती नसली तर लहरींचे माथे छाटले जातात, त्यातून नको ते उंच स्वर उपजतात आणि उंच स्वरांचा नाजूक क्षेपक जळू शकतो. बेताने वाजविलेल्या मोठ्या ध्वनिवर्धकापेक्षा दमछाक झालेला लहान ध्वनिवर्धकच अशा वेळी अधिक घातक ठरतो!

ही गरज ओळखणारे लोकही निघाले. डेव्हिड हाफलर यांच्या फिलाडेल्फियातील डायनाको कंपनीने ६० वॉटांचा 'मार्क थ्री' आणि १९५९ साली दोन्ही बाजूंना ३५-३५ वॉट देणारा 'स्टीरिओ ७०' सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. एआर-३ आणि डायनाको यांची जोडी व्यासपीठावर ठेवून 'फाइन आर्ट्‌स क्वार्टेट' या वादकसंचाबरोबर जाहीर प्रयोग करण्यात आले. मध्येच वादक नुसते वाजविण्याचा आविर्भाव करीत आणि पेट्या गाऊ लागत. श्रोत्यांपैकी पुष्कळांना तो बदल कळलाही नाही.

शक्तीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे विद्युतरोध. एआर-३ चा रोध ४ ओहम. व्हॉल्व्हच्या यंत्रात रोहित्र असते आणि त्याला ४, ८, १६ ओहमची वेगवेगळी टोके काढलेली असतात. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात बहुधा ही सोय नसते. तेथे जास्तीचा प्रवाह यंत्रालाच पुरवावा लागतो. म्हणूनच १९६७ साली अ‍ॅकॉस्टिक रिसर्चने स्वतःचा ध्वनिवर्धक काढला, तो ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ६० वॉट देणारा.

तात्पर्य, वॉटांचा आकडा हा मिरविण्याचा नव्हे, हिशेबाचा विषय आहे. कर्ण्याच्या पेटीला १० वॉट पुष्कळ झाले. हवाबंद पेटीला ५० वॉट म्हणजे चैन नव्हे. तेव्हा वडिलार्जित पेटी मुकी झाली म्हणून टाकून देण्यापूर्वी तिच्या पाठीवरचा ओहमचा आकडा वाचावा आणि तो भार पेलणारा ध्वनिवर्धक एकवार जोडून पाहावा. पुष्कळदा तिचा खर्ज शाबूत असतो.