बॅटरी संपली कोयनानगरात

मंडळी, गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी फोन करून प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती ठणठणीत आहे, डावा गुडघा सोडला तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरपुढं बसू नका म्हणून दम दिला, एवढंच. आता परवानगी मिळाली आहे. तेव्हा दिवाळीनंतरची एक गोष्ट सांगतो.

नात पुण्याहून आली ती दोन मैत्रिणी आणि तीन विजेच्या सायकली घेऊन. सायकली जीपच्या पाठीमागे बांधलेल्या. गेल्या वर्षी ती पणजीला गेली होती. तिथे म्हणे अशा सायकलींवर बसवून, पुढे एक माहीतगार माणूस घालून गाव दाखवतात. मांडवीचा काठ, फोंतेन्हासच्या गल्ल्या, मग आल्तिनोची टेकडी. चढ आला की मोटर जोर लावते, आपण नुसते पाय फिरवायचे. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आबा, तुमचं पाटणपण नदीकाठी आहे, डोंगरात आहे. तुम्ही इतिहासाचे सर. दाखवा की आम्हाला तसंच."

आता पाटणला शहर म्हणायचं म्हणजे जरा धाडसच. बाजारपेठ, एस.टी. स्टँड, कचेरी, कॉलेज, की संपलं गाव. पण नातीनं 'इतिहासाचे सर' म्हटल्यावर माघार कशी घेणार? हिचं म्हणणं पडलं, "या वयात सायकलवरनं पडलात तर मी काही करायची नाही." मी अंगणात दोन चकरा मारून दाखवल्या. सांगायला हरकत नाही, मजा आली. पेट्रोल नाही, आवाज नाही आणि अडीचशे वॅटपर्यंतच्या, ताशी पंचवीसच्या आतल्या सायकलीला लायसनही लागत नाही. एका चार्जिंगला अर्धं युनिटसुद्धा जळत नाही म्हणे.

सकाळी सातला निघालो. आधी संगमावर गेलो. केरा आणि कोयना या दोन नद्यांच्या बेचक्यात आमचं गाव वसलंय. केरा लहान, उन्हाळ्यात वाळू उघडी पाडणारी. कोयना मात्र बारमाही, कारण वर धरण आहे. मुलींना कोयनेचं वैशिष्ट्य सांगितलं. महाबळेश्वरी उगम पावते आणि सह्याद्रीच्या कडेकडेनं थेट दक्षिणेला धावते, मग हेळवाकजवळ काटकोनात वळून पूर्वेला येते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भिडते. अशा दोन नद्या समोरून येऊन मिळाल्याचं क्वचित बघायला मिळतं. प्रीतिसंगम नाव त्याचंच, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे तिथे.

मग बाजारपेठेतून चक्कर. इथे थोडं थांबून सांगितलं की कराड-चिपळूण हा रस्ता आजचा नाही. कुंभार्ली घाटातून बैलांच्या पाठीवरून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि इकडचा गूळ, मिरची खाली जायची. पाटण हा त्या वाटेवरचा मुक्काम. देशमुखी पाटणकरांची. वायव्येला दातेगड दिसतो तो दाखवला. त्याला सुंदरगडही म्हणतात. वर कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे, गणपती आणि मारुती खडकातच कोरलेले आहेत. मुली म्हणाल्या चला वर. मी गुडघ्याकडं बोट दाखवलं. (त्या दुसऱ्या दिवशी माझ्याशिवाय जाऊन आल्या आणि विहिरीचे फोटो दाखवून मलाच माहिती सांगायला लागल्या.)

बाजारात एका ओळखीच्यानं हटकलंच, "काय गुर्जी, म्हातारपणी मोटर लावली वाटतं?"

"सायकलीला लावलीय, मला नाही," म्हटलं.

खरं तर तिथून घरी परतायचं असं ठरलं होतं. पण हवा छान होती, अंगात जोर आला होता. मीच म्हणालो, चला कोयनानगरला. येराडपर्यंत झाडी आहे, पुढेही नदी डाव्या-उजव्या हाताला सोबत करते. चढ बेताचा आहे, पण सतत आहे. मी मोटरचा आकडा सगळ्यात वर ठेवून चालवत होतो. त्याचं फळ कोयनानगरच्या अलीकडं मिळालं. सायकल एकदम जड झाली, पाय हलेनात. बॅटरी संपली. मुलींच्या बॅटऱ्या अर्ध्या शिल्लक होत्या, कारण त्या स्वतः पाय मारत होत्या! शेवटचं अंतर सायकल हातात धरून चालत गेलो.

एका चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, चार्जिंगला लावू का, काय असेल ते पैसे देतो. तो म्हणाला, "लावा की गुर्जी, वीज आपलीच हाय. बिल तेवढं मला येतं."

सगळे हसले. मीही हसलो. पण चहा घेता घेता ते वाक्य मनात घोळायला लागलं आणि तिथून पुढचा माझा 'गाईड'पणा काही ठरवल्यासारखा झाला नाही.

कोयना प्रकल्पाची माहिती मला तोंडपाठ आहे, ती सांगितली. धरण १०३ मीटर उंच, आठशे मीटरच्या वर लांब. १९५६ च्या सुमाराला काम सुरू झालं, १९६४ ला पुरं झालं. मागचा जलाशय म्हणजे शिवाजीसागर, क्षमता १०५ टीएमसी. यातलं बरंचसं पाणी पूर्वेला आमच्याकडं येतच नाही. ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला जातं, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रं फिरवतं आणि मग वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. असं पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादानं ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह धरून १९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली तलावाच्या तळाला खालून भोक पाडलं, तो आशियातला पहिला प्रयोग. महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात ते उगाच नाही. मुंबईच्या गिरण्या, कारखाने, लोकल... मुली कौतुकानं ऐकत होत्या.

नेहरू उद्यानातून धरण दिसतं. तिथे बसलो. नात सहज म्हणाली, "आबा, या पाण्याखाली आधी काय होतं?"

माझं आजोळ होतं.

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या बापालाही नीट सांगितलेलं नाही. माझ्या आईचं माहेर त्या खोऱ्यातलं, वरच्या अंगाला. घरात आम्ही त्याला 'वरलं गाव' एवढंच म्हणायचो. १९६१-६२ च्या सुमाराला पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात आई मला घेऊन शेवटची गेली. मामानं घर उतरवायला काढलं होतं. तुळया, दारं, चौकटी, कौलं, सगळं सुटं करून अंगणात रचलेलं. आजी चुलीपाशी बसलेली, वर छप्पर नाही. तिनं त्या उघड्या चुलीवर मला भाकरी करून वाढली. आईनं निघताना उंबऱ्याजवळची मूठभर माती पदरात बांधली. ती तिनं पुढे काय केली, मी कधी विचारलं नाही.

माणसं पांगली. कुणी सोलापूरकडं, कुणी सांगलीकडं, कुणी रायगड-ठाण्याकडं. मामा सोलापूरकडं गेला. डोंगरात नाचणी-वरी आणि भात पिकवलेला माणूस, तिकडची काळी सपाट जमीन आणि ऊन बघून म्हणाला होता, "इथं सावली कुठं हाय?" आजी तिकडं दोन वर्षं काढून गेली. विस्थापितांच्या जमिनींचे प्रश्न मिटायला किती वेळ लागावा? २०१८ साली याच कोयनानगरात लोक ठिय्या मांडून बसले होते. त्यात नातवंडंही होती, ज्यांनी ती गावं पाहिलीच नाहीत.

मग भूकंपाचं निघालं. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मी सोळा वर्षांचा. शाळेत आम्हाला शिकवलेलं की दख्खनचं पठार म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचा स्थिर भाग, इथं भूकंप व्हायचे नाहीत. धरण भरायला लागल्यापासून बारीक धक्के सुरू झाले होते, सप्टेंबरमध्ये एक मोठाही बसला होता. पण त्या पहाटेचा आवाज वेगळाच, जमिनीखालून मालगाडी जावी तसा. वडिलांनी आम्हा भावंडांना अक्षरशः ओढत अंगणात आणलं. गोठ्याची भिंत आत पडली, गाय गेली. आमच्या घराचं तेवढ्यावर निभावलं. कोयनानगरात वसाहतीच्या वसाहती झोपल्या. एकंदर पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धक्का साडेसहाच्या आसपासचा होता, पार मुंबई-गोव्यापर्यंत जाणवला आणि मुंबईचे दिवे गेले. धरणाला वरच्या भागात भेगा पडल्या. पुढे मागून आधार देऊन ते मजबूत केलं.

डिसेंबरची ती थंडी आणि आम्ही कित्येक रात्री उघड्यावर. पुढे दगडमातीच्या जाड भिंतींची भीतीच बसली. वडिलांनी नवं घर बांधलं ते ठेंगणं, पत्र्याचं. आज धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगभर कोयनेचं नाव घेतात. शास्त्रज्ञांनी या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून आतला खडक तपासला, त्यासाठी कराडला प्रयोगशाळाही आहे. आम्हाला अजूनही अधूनमधून धक्के बसतात. भांडी वाजली की हातातलं काम थांबवायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं. नातीला हे गमतीचं वाटलं. गावात कुणालाच त्यात विशेष वाटत नाही.

"आबा, हे सगळं तुम्ही शाळेत शिकवत होता?" तिनं विचारलं.

इथे मात्र मी गप्प झालो. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाला जावळीच्या खोऱ्यात आणला, प्रतापगडाच्या पायथ्याशी. १७८९ ला बास्तीलचा तुरुंग फोडला. ज्या जावळीच्या खोऱ्याचं मी एवढं रसभरीत वर्णन करायचो, ते कोयनेचंच खोरं. त्याच नदीच्या खालच्या अंगाची गावं माझ्या डोळ्यांदेखत उठली, हे मी वर्गात एकदाही बोललो नाही.

आणि एका मुलानं विचारलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मामाकडं राहून शिकणारा, हुशार पोरगा. त्याच्या आईबापांचं गाव पाण्यात गेलेलं. पुनर्वसनाच्या वस्तीला शाळेची सोय नव्हती, म्हणून इकडं ठेवलेला. तास संपता संपता उभा राहिला. "गुरुजी, आमचं गाव पुस्तकात का नाही?"

घंटा व्हायला आली होती. पोर्शन मागे पडला होता. मी म्हणालो, "परीक्षेला येत नाही. बस खाली."

वर्ग हसला. तो बसला. नंतर वर्षभर त्यानं माझ्या तासाला कधी हात वर केला नाही. मार्क चांगले पाडले, पुढे शिकला, नोकरीला लागला असं ऐकलं. मला त्याला सांगता आलं असतं की बाळ, माझंही आजोळ तिथंच आहे. एवढं एक वाक्य. ते का सांगितलं नाही, याचा मी बराच विचार केला आहे. पोर्शन हे कारण नव्हतं. आपलं दुःख म्हणजे इतिहास असं मला त्या वेळी वाटतच नव्हतं. इतिहास म्हणजे राजे, तह, सनावळ्या. बी.ए.ला कराडच्या कॉलेजात मी तेच शिकलो होतो, तेही बाळासाहेब देसायांनी आणलेल्या ई.बी.सी. सवलतीवर, फी न भरता. देसाई आमच्याच तालुक्याचे. माझ्यासारखी किती पोरं त्या सवलतीनं पदवीधर झाली, हासुद्धा आमचा इतिहासच की. तोही कधी शिकवला नाही.

हे सगळं नातीला सांगितलं. मैत्रिणी गप्प. नात थोड्या वेळानं म्हणाली, "मग काय आबा, आता शोधा त्याला." तिला सगळं सोपं वाटतं. शोधतो म्हटलं.

टपरीवर आलो तेव्हा सायकल पूर्ण चार्ज झाली होती. त्या माणसानं पैसे घेतले नाहीत. तीन चहा आणि एक भज्यांची प्लेट जास्तीची घेतली, एवढीच भरपाई. परतीला उतार, मोटर लावायची गरजच पडली नाही. उजव्या हाताला नदीला थोडं पाणी होतं, पायथा वीजगृहातून सोडलेलं. पाटण येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर नातीनं फोनवर नकाशा उघडला आणि वरलं गाव कुठं असेल ते विचारलं. मी बोट ठेवलं. सगळीकडं निळं. मग तिनं वही घेतली आणि म्हणाली, कुणाकुणाची घरं होती ते सांगा, ओळीनं. मी डोळे मिटून मारुतीच्या देवळापासून चालायला लागलो. ओढ्यापर्यंत अकरा घरं आठवली. त्याच्या पलीकडं आठवेना. पलीकडं आणखी सात-आठ तरी होती, एका घरापुढं फणस होता.

मामेभावाला सोलापूरकडं फोन केला आहे. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्यानं तीन नावं सांगितली. फणसाचं घर त्यालाही आठवत नाही. नात्यातल्या कुणी आपल्या आई-आजीकडून ऐकलं असेल तर कळवा. वही अजून उघडीच ठेवली आहे.