कुंकवाचे गाव आणि विषण्ण मनाचा मार्ग

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जेऊर व कुर्डुवाडी यांच्या दरम्यान, करमाळे तालुक्यात केम हे गाव वसलेले आहे. उत्तरेश्वराचे हे स्थान महाराष्ट्रास विशेष परिचित झाले ते तेथील कुंकवामुळे. हळदीस क्षाराचा संस्कार घडला म्हणजे तिचा पिवळा वर्ण पालटून तांबडा होतो. या साध्या गुणधर्मावर तेथील धंदा उभा राहिला आणि केमचे कुंकू दूरदूरच्या देव्हाऱ्यांत व करंड्यांत जाऊन पोहोचले.

परंतु ज्या चिमूटभर कुंकवाने मंगलकार्यास प्रारंभ होतो, तेच पुसून टाकून एखाद्या स्त्रीचे उरलेले आयुष्य अंधारात लोटण्याची चालही याच महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या चालत आली. दुःख कशाने चिघळते आणि खचलेल्या मनास आशेची वाट कशी सापडते, हे समजून घेण्यास विधवांच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण विरळाच मिळेल.

शोक हा काही रोग नव्हे. प्रिय माणूस गेले म्हणजे मन व्याकुळ व्हावयाचेच. परंतु शोकालाही ओहोटी असते. चार माणसांची सोबत, हातांना काम आणि उद्याविषयी थोडीबहुत उमेद, एवढे लाभले की मन हळूहळू सावरते. रूढीने नेमके हेच हिरावून घेतले. कपाळीचे कुंकू व हातांतील बांगड्या गेल्या. कित्येक जातींत केशवपन आले. हळदीकुंकवास बोलावणे नाही, लग्नकार्यात पुढे येणे नाही. ज्या क्षणी आधाराची निकड सर्वाधिक, त्याच क्षणी तिला एकटे पाडावयाचे, अशी ही रीत होती. त्या काळच्या प्रत्येक विधवेस आजच्या वैद्यकातील रोगाचे नाव लावणे योग्य होणार नाही; तथापि औदासीन्याचे बीज रुजावे अशी भूमी समाजाने स्वतःच्या हातांनी नांगरून ठेविली होती, यात शंका नाही.

या अंधारात पहिली दारे उघडली ती पुण्यामुंबईस. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून संकटात सापडलेल्या विधवांस निर्भयपणे येण्याची सोय केली. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापिले. तेथे शिकावयास आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी. बालपणीच वैधव्य आलेल्या या मुलीस तिच्या भावाने सदनात आणून पोहोचविले. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकल्या, त्याच्यासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या आणि 1918 मध्ये, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या.

या कथांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ‘धीर धर’ एवढ्या उपदेशाने यांपैकी कोणाचेही आयुष्य पालटले नाही. कोणी तरी दार उघडले, कोणी तरी त्या दारापर्यंत सोबत केली आणि उंबरठा ओलांडण्याचे धैर्य त्या स्त्रीने स्वतः दाखविले. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच आशेला पाय फुटले.

मनाच्या आजाराचे दार मात्र पुष्कळ काळ बंदच राहिले. 1912 च्या वेड्यांविषयीच्या कायद्याचा रोख उपचारापेक्षा बंदोबस्ताकडे अधिक होता. त्यामुळे मनाचा कोणताही विकार म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, अशी सांगड लोकांच्या मनात बसली आणि घरोघर दुखणे लपविले जाऊ लागले. पुढे 1957 साली स्वित्झर्लंडमधील रोलंड कून या वैद्याने इमिप्रामीन या औषधाने विषण्णतेचे रोगी सुधारतात असे दाखवून दिले. मन खचणे हा दुबळेपणा नसून चिकित्सेस दाद देणारा विकार असू शकतो, या समजुतीस त्याने बळ आले. आपल्याकडे जुना कायदा जाऊन 1987 चा कायदा आला, आणि त्याच्याही जागी आलेल्या 2017 च्या कायद्याने मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे व सरकारने त्याची शुश्रूषा करावी, असेही त्यात सांगितले आहे.

रूढीचे दारही पुरते उघडलेले नव्हते. करोनाच्या साथीत अनेक तरुण स्त्रियांवर वैधव्य कोसळले. केम ज्या तालुक्यात आहे त्याच करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीचे कुंकू पुसू नये, असे प्रतिज्ञापत्र केले आणि गावोगावच्या ग्रामसभांनी ही चाल बंद करावी असा आग्रह धरिला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये तसा ठराव केला; त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे असे आवाहन केले. ज्या मातीत कुंकू तयार होते तिच्याच परिसरातून, ते पुसू नका, हा आवाज उठला, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण होय.

त्याच वर्षी 10 ऑक्टोबर रोजी टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. 14416 हा क्रमांक फिरविला की रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही सल्ला मिळतो. एके काळी पुण्यामुंबईपर्यंत जावे लागत असे ते दार केमसारख्या गावातील घरातही येऊन ठेपले.

भारतात 2015-16 साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे वीस माणसांमागे एकास विषण्णतेचा विकार आढळला, आणि मनोविकार जडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक उपचारावाचून राहतात असेही दिसून आले. यास्तव घरातील कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न असेल, झोप व भूक हरपली असेल, आवडीच्या कामातही मन रमत नसेल, तर त्यास बोल लावू नयेत. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि त्यास डॉक्टरांकडे घेऊन जावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली तर त्यास एकटे सोडू नये व एक दिवसही दवडू नये. जो स्वतः या अंधारात असेल त्याने एवढेच करावे: कोणा एका विश्वासू माणसास आपल्या मनाची स्थिती सांगावी. गोदूबाईंना आपल्या भावाचा हात धरण्यात कमीपणा वाटला नाही. मग या कामी दुसऱ्याचा हात धरण्यात कोणासही लाज वाटण्याचे कारण काय?