म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ आणि तिचा वाद

आधुनिक मराठी शिल्पकलेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांच्यापासूनच करावा लागतो. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे हे विद्यार्थी. नऊवारी लुगडे नेसून देवळाकडे निघालेल्या तरुणीची त्यांची प्लॅस्टरची मूर्ती, ‘मंदिरपथगामिनी’, हिला १८९६ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले आणि विशीतला हा तरुण एकाएकी प्रकाशात आला.

प्रकाशाबरोबर वादही आला. विलायतेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी मूर्तीचे केवळ छायाचित्र पाहून तिची मुक्तकंठाने स्तुती केली. वास्तुकार चिझम यांनी ती स्तुती अवास्तव ठरविली. पुढे १८९८ मध्ये रवींद्रनाथांनी बंगालीत लेख लिहून या अपरिचित मराठी शिल्पकाराची बाजू उचलून धरली. एका विद्यार्थ्याच्या कृतीवरून मुंबई, लंडन आणि बंगाल यांनी बोलावे, हा प्रकार त्या काळी अपूर्वच होता.

परंतु बर्डवुडसाहेबांच्या स्तुतीकडे आम्ही जरा सावधपणे पाहतो. भारतात ललित कला म्हणून शिल्पकला नाहीच, असे १८८० साली लिहिणारे हेच गृहस्थ. आणि १९१० साली जावातील ध्यानी बुद्धाच्या मूर्तीला उकडलेल्या चरबीच्या पुडिंगची उपमा देणारेही हेच! त्यांना म्हात्रे यांच्यात आवडले ते ग्रीक वळण. उलट, पुढील स्वदेशीवादी टीकाकारांना अशा कलेत खटकले तेही नेमके हेच वळण. दोन्ही पक्षांनी मूर्तीचे कूळ तपासले. तिच्या अंगावरील लुगडे मात्र कोणी पाहिले नाही. त्या चुण्यांचा भार, पदराचा ओघ, देवळाच्या वाटेवरील स्त्रीची ती संथ, संकोचयुक्त चाल ही कोणत्या ग्रीकाने पाहिली होती? मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच बाजारात कानी पडतात अशा वांकिडीसारख्या सीमेवरील गावी राहणाऱ्या आम्हांस तर शुद्ध कुळाचा हा आग्रहच मुळी विचित्र वाटतो. हत्यार परके, दृष्टी घरची, एवढा साधा हा व्यवहार आहे.

म्हात्रे यांच्यावर खरा आक्षेप घ्यावयाचाच तर तो निराळा आहे. ‘सरस्वती’, शबरीच्या वेषातील ‘पार्वती’ अशी काही कल्पनाशिल्पे त्यांनी घडविली. पण तीनशेच्या आसपास जी शिल्पे त्यांच्या नावावर सांगितली जातात त्यांत मोठा भाग व्यक्तिपुतळ्यांचा. संस्थानिक, राज्यकर्ते, नगरशेठ, पुढारी यांच्या मागणीला अंत नव्हता, आणि कारखाना चालवावयाचा तर मागणी नाकारून भागत नसे. मुंबईतील न्यायमूर्ती रानड्यांच्या पुतळ्यात (१९१३) विचारमग्न पुरुषाचे गांभीर्य त्यांनी उत्तम साधले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि कोट, पगडी आणि पदके यांच्या त्या दीर्घ मालिकेत १८९६ चा तो तरुण आम्हांस पुन्हा क्वचितच भेटतो. यात दोष त्यांचा किती आणि पुतळ्याखेरीज शिल्पकाराजवळ काहीच न मागणाऱ्या समाजाचा किती?

म्हात्रे १९४७ साली निवर्तले. त्याच वर्षी इंग्रजी राज्य गेले, आणि राजाराण्यांचे पुतळे हळूहळू चौकांतून उतरून संग्रहालयांत व गोदामांत जाऊन पडले. संगमरवर आणि ब्राँझ लाभले होते ते त्यांना. मागणीवाचून घडलेली ‘मंदिरपथगामिनी’ मात्र मुळात साध्या प्लॅस्टरची होती.