टाटा मूलभूत संशोधन संस्था

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, नेव्ही नगरच्या पुढे अगदी समुद्राला लागून असलेली राष्ट्रीय संशोधन संस्था. ‘टीआयएफआर’ या आद्याक्षरांनीच ती अधिक ओळखली जाते. स्थापना १ जून १९४५. संस्थापक होमी जहांगीर भाभा. संस्था केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असून पुणे, बंगळूर व हैदराबाद येथे तिची केंद्रे आहेत. गणित, भौतिकी, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र, संगणकविज्ञान व विज्ञानशिक्षण ही तिची कार्यक्षेत्रे होत. प्रस्तुत नोंदीत संस्थेने स्वतः घडवलेल्या उपकरणांना अधिक जागा दिली आहे, कारण तिच्या बहुतेक महत्त्वाच्या निष्कर्षांमागे असे एखादे घरचे उपकरण आढळते.

स्थापना व वास्तू : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाभा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकीसाठी स्वतंत्र संस्थेची गरज मांडली. काही दशकांत अणुशक्तीचा वापर सुरू होईल, तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिरोशिमाच्या सुमारे दीड वर्ष आधी लिहिलेले हे पत्र भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील पायाभूत कागद मानले जाते. काम बंगळूरला सुरू झाले, पण १९४५ च्या अखेरीस संस्था मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात आली. १९४९ मध्ये ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या सध्याच्या वास्तूची कोनशिला १ जानेवारी १९५४ रोजी आणि उद्‌घाटन जानेवारी १९६२ मध्ये, दोन्ही जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. वास्तुरचना शिकागोचे हेल्मुट बार्च यांची. प्रवेशदालनातील एम. एफ. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र आणि आधुनिक भारतीय चित्रकारांचा संग्रह ही भाभांच्या कलादृष्टीची देणगी आहे.

गणित : के. चंद्रशेखरन यांनी घडवलेल्या गणित विभागाला अल्पावधीत आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. एम. एस. नरसिंहन व सी. एस. शेषाद्री यांचा १९६५ चा सिद्धांत त्यांच्याच नावांनी ओळखला जातो. आरंभीच्या गणितज्ञांत गोव्यातील कोसबें येथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी होते. ते पुण्यात राहत आणि ‘डेक्कन क्वीन’ने मुंबईला ये-जा करीत. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी संबंध संपला. त्यामागे गणितातील मतभेद किती आणि अणुऊर्जेविषयीचे मतभेद किती, याबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

संगणक : ‘टिफ्रॅक’ हा देशात रचलेला व बांधलेला पहिला संगणक याच संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये, तर पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती फेराइट कड्यांची होती. संगणक बांधण्याचा अनुभव नसलेल्या तरुणांनी तो उभा केला, ही गोष्ट यंत्राच्या क्षमतेपेक्षा मोलाची आहे. पुढे संस्थेतील संगणक गटातूनच १९८५ मध्ये जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले.

वैश्विक किरण : फुगे आकाशात सोडून आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरून, अशा दोन्ही टोकांनी हा अभ्यास झाला. १९६५ मध्ये कोलारला सुमारे २.३ किमी. खोलीवर, जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सहकार्याने, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या आरंभीच्या नोंदी मिळाल्या. पुढील न्यूट्रिनो वेधशाळेचा तमिळनाडूतील प्रकल्प स्थानिक विरोध व मंजुऱ्या यांत अडकला.

रेडिओ खगोलशास्त्र : संस्थेच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय प्रकरण हेच. भाभांच्या बोलावण्यावरून गोविंद स्वरूप १९६३ मध्ये अमेरिकेहून परतले. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या १.८ मी. व्यासाच्या ३२ तबकड्या कल्याणजवळ मांडून त्यांनी आधी सूर्याचे निरीक्षण सुरू केले. नंतर उटीची दुर्बीण आली (१९७०). ५३० मी. लांब व ३० मी. रुंद असा हा अन्वस्ताकार पन्हळ आहे. तेथील अक्षांश सुमारे ११ अंश, म्हणून तितकाच उतार असलेली डोंगराची बाजू शोधून त्यावर दुर्बीण उत्तर-दक्षिण बसवली. त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातील स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करता येऊ लागला. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून सरकताना स्रोत कोणत्या क्षणी व कसा झाकला जातो, यावरून त्याचे अचूक स्थान व आकार काढणे हे तिचे मुख्य काम होते.

या निरीक्षणांतून एक मोठा वाद संस्थेच्याच घरात आला. क्षीण, म्हणजे दूरचे, रेडिओ स्रोत आकाराने जवळच्यांपेक्षा कसे वेगळे दिसतात, हे स्वरूप व विजय कपाही यांनी १९७५ मध्ये मांडले. विश्व काळानुसार बदलत आले आहे, या मताला त्यातून पुष्टी मिळत होती. विश्व सर्वकाळ एकसारखेच असते, या स्थिर स्थिती सिद्धांताचे फ्रेड हॉइल यांच्यासोबतचे प्रमुख पुरस्कर्ते जयंत विष्णु नारळीकर १९७२ पासून याच संस्थेत प्राध्यापक होते. खगोलशास्त्रज्ञांचे बहुमत विश्व बदलत आल्याचे मानणाऱ्या महास्फोट सिद्धांताच्या बाजूने गेले. नारळीकरांनी आपली शंका अखेरपर्यंत सोडली नाही आणि १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह सुधारित सिद्धांत मांडला. दोन्ही पक्षांना एकाच छपराखाली निर्धोकपणे काम करता आले, हे संस्थेचे मोठेपण मानले पाहिजे. नारळीकरांची पहिली मराठी विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ याच काळातील. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले.

खोडदची दुर्बीण : पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, नारायणगावजवळ, ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. १४ तबकड्या मध्यभागी दाटीने, तर १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना सुमारे २५ किमी.पर्यंत पसरलेल्या आहेत. संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे तिचे संचालन आहे. एवढ्या मोठ्या तबकड्या स्वस्तात बांधण्याची युक्ती स्वरूप यांची. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. ताणलेल्या पोलादी दोरांच्या सांगाड्यावर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बसवली आहे. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. मीटरभर लांबीच्या तरंगांना मात्र ही जाळी सलग आरशासारखी भासते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती जगाला अर्पण झाली आणि आता जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वेळ मागून ती वापरतात.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा अतिक्षीण रेडिओ संदेश खोडदला थेट टिपला जात होता. उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडा आधी तो तुटला. यान आदळून नष्ट झाल्याचे मागाहून निश्चित झाले. जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या दीर्घ निरीक्षणांतून अतिमंद वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला. त्यातील भारतीय गटाची मापने याच दुर्बिणीची होती.

अवकाशातील कार्य : २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या उपग्रहावरील क्ष-किरण उपकरणांच्या बांधणीत संस्थेचा मोठा वाटा होता.

लेसर भौतिकी : जी. रवींद्र कुमार यांच्या गटाची प्रयोगशाळा अत्यल्प काळाच्या व प्रचंड तीव्रतेच्या लेसर स्पंदांवर काम करते. एक स्पंद जेमतेम २५-३० फेम्टोसेकंद टिकतो. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचाही हजारावा भाग. हा स्पंद काही मायक्रॉनांच्या ठिपक्यावर एकवटला, की लक्ष्याच्या पृष्ठभागाचे तत्क्षणी तप्त प्लाझ्मात रूपांतर होते आणि त्यात अतितीव्र चुंबकीय क्षेत्रे जन्मतात. दुसरा क्षीण स्पंद किंचित उशिराने पाठवून, त्याच्या ध्रुवणातील बदलावरून ही क्षेत्रे मोजली जातात. ती नुसती तीव्र नसून विस्कळीत, खळबळीची असतात, हे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. ताऱ्यांभोवतीच्या व सौरवाऱ्यातील चुंबकीय खळबळीशी तिचे साम्य असल्यामुळे खगोलभौतिकीचा एक भाग टेबलावर मांडता येतो. या अभ्यासक्षेत्राचे महत्त्व अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे.

अब्जांश पदार्थ : वरील प्रयोगांतच हा विषय मिसळला. तांब्याच्या पृष्ठभागावर तांब्याच्याच अब्जांश कणांचा थर दिला, तर त्याच लेसर स्पंदातून निघणारे क्ष-किरण कित्येक पटींनी वाढतात, असे २००३ मध्ये आढळले. कणांच्या भोवती प्रकाशाचे विद्युत्‌क्षेत्र एकवटते, हे त्याचे कारण. २०१२ मध्ये एका दिशेने उभ्या रचलेल्या कार्बन अब्जांश नलिकांतून दशलक्ष अँपिअर श्रेणीचा इलेक्ट्रॉन प्रवाह न फुटता सुमारे मिलिमीटरभर नेता आला. रसायनशास्त्र विभागात विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने तंतुमय सिलिकाच्या गोलकांवर सोन्याचे कण वाढवून ‘काळे सोने’ तयार केले (२०१९). कणांमधील अंतरे असमान असल्यामुळे ते सगळ्या दृश्य तरंगलांबी शोषते, म्हणून काळे दिसते. कर्बवायूचे इंधनात रूपांतर व समुद्राच्या पाण्याचे शुद्धीकरण हे त्याचे संभाव्य उपयोग सांगितले जातात. तूर्त हे काम प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे.

जीवशास्त्र : ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये संस्थेत या विषयाचा आरंभ केला; त्यातूनच पुढे बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले.

विज्ञानशिक्षण व शैक्षणिक तंत्रज्ञान : संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले व १९९२ च्या सुमारास मानखुर्दला गेले. भा. मा. उदगावकर व वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ त्यामागे होते. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा आणि मुंबई महापालिकेच्या शाळा ही त्यांची पहिली कार्यक्षेत्रे. वंचित घरांतील मुले विज्ञानात मागे पडतात ती बुद्धीमुळे नव्हे. पाठ्यपुस्तकी मराठी त्यांच्या घरच्या बोलीपासून फार दूर असते, हा मोठा अडसर असतो, असा निष्कर्ष केंद्राने काढला. धड्यांची भाषा सोपी केल्यावर आकलन सुधारले. शिक्षणखात्यांनी तो निष्कर्ष आजही गांभीर्याने घ्यायला हवा. नंतर रायगड जिल्ह्यातील खैरात येथे मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याच्या प्रयोगाचा (आरंभ २००७) केंद्राच्या संशोधकांनी अभ्यास केला. थोड्या यंत्रांवर मुले आळीपाळीने, एकमेकांना निरोप पाठवत टंकन कशी शिकतात, हे त्यातून पुढे आले. विज्ञान व गणित ऑलिंपियाडचे राष्ट्रीय केंद्रही मानखुर्दलाच आहे. आंतरराष्ट्रीय भौतिकी ऑलिंपियाड (२०१५) व खगोलशास्त्र ऑलिंपियाड (२०२५) मुंबईत झाले.

जनसंपर्क : २००९ पासून ‘चाय अँड व्हाय?’ ही सर्वांना खुली, विनामूल्य विज्ञानसभा जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये भरते. खोडदला २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन असते; त्यात ग्रामीण शाळांतील विद्यार्थी स्वतः केलेली उपकरणे मांडतात आणि दुर्बिणीच्या तबकड्या लोकांना जवळून पाहता येतात.