ठरावातले पाणी

सकाळी नळ कोरडा पडला की आपल्याला नगरपालिकेची आठवण होते, आणि पाणी आले की ती आठवण पाण्याबरोबरच वाहून जाते. गटार तुंबले, रस्त्यावरचा दिवा विझला किंवा घरपट्टीचा आकडा चढून आला, म्हणजे आपण ओट्यावर बसून एकमेकांना विचारतो, "ही नगरपालिका करते तरी काय?" प्रश्न योग्यच आहे. परंतु तो ओट्यावर न विचारता कोठे विचारावयाचा, कोणाला विचारावयाचा आणि उत्तर न मिळाल्यास पुढे काय करावयाचे, हे पुष्कळांना सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात आपल्या नगरपालिकेने कोणते ठराव केले, हे सांगणारा तर शंभरांत एखादाच निघेल. हा विचारण्याचा आणि माहीत करून घेण्याचा अधिकार आपल्याकडे कसा आला आणि तो वापरला नाही तर काय होते, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

पेशवाईत पुणे शहराचा कारभार कोतवालाकडे असे. बाजारभाव ठरविणे, घरजागांच्या खरेदी-विक्रीवर नजर ठेवणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद घेणे, तंटे मिटविणे ही सारी कामे त्याची. सरकारने काय ठरविले हे लोकांना दवंडीने कळे. बातमी अशी वरून खाली येत असे. पण खालून वर जाणाऱ्या तक्रारीला आखलेली वाट नव्हती. १७७७ साली कोतवाल झालेल्या घाशीरामाची अखेर सर्वांना ठाऊक आहे. १७९१ साली त्याने कोंडून ठेवलेली माणसे गुदमरून मेली, शहर खवळले आणि शेवटी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. एवढ्या मोठ्या शहराला आपल्या कारभाऱ्याचा जाब विचारण्यासाठी दगडाखेरीज दुसरे साधन हाती राहू नये, ही गोष्ट कोतवालाच्या क्रौर्याइतकीच विचार करण्याजोगी आहे.

इंग्रजी अमलात १८५० च्या कायद्याने गावोगाव नगरपालिका काढण्याची सोय झाली. तथापि या आरंभीच्या नगरपालिका म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांनी आणि सरकारने नेमलेल्या गृहस्थांनी चालविलेल्या कचेऱ्या होत. कर भरणाऱ्याने कर भरावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. मुंबईत या प्रश्नाला प्रथम तोंड फुटले. १८६५ साली तेथे म्युनिसिपल कमिशनर नेमण्यात आला आणि आर्थर क्रॉफर्ड या तडफदार अधिकाऱ्याने शहर स्वच्छ करण्याचे काम झपाट्याने हाती घेतले. कामे झाली, पण खर्चाला धरबंद राहिला नाही. १८७१ साली करदाते संतापून उठले. त्या वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तरुण फिरोजशहा मेहतांनी एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की, दोष केवळ कमिशनरचा नाही. त्याला जाब विचारणारी, करदात्यांनी निवडलेली सभा नाही, हे खरे दुखणे आहे. क्रॉफर्डच्या नावाने खडे फोडावयास जमलेल्या मंडळींना ते त्या वेळी रुचले नाही. पण १८७२ च्या कायद्याने मुंबईला चौसष्ट सभासदांची सभा मिळाली आणि त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याने या सभेचे दरवाजे सामान्य नागरिकाला ऐकण्यासाठी उघडे ठेवले. दरम्यान १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला होता आणि लहान शहरांतही निवडणुकीचे वारे पोचू लागले होते.

सभा झाली म्हणजे सर्व झाले असे मात्र नव्हे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे जोतीरावांचे मत पडले. बत्तीस नियुक्त सभासदांत त्या प्रस्तावाला मत न देणारे ते एकटेच. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण आज तो खर्च कोणाच्या आठवणीत असेल, तर त्या एका विरोधी मतामुळेच आहे. पैसा करदात्याचा असतो आणि त्याचे काय झाले हे विचारणारा कोणी तरी सभेत असावा लागतो, हा धडा जोतीरावांनी घालून दिला.

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. नगरपालिकेने चांगला ठराव केला, तो रीतसर मंजूर झाला, बुकात लिहिला गेला, तरीही नागरिकाने जाऊन तो वापरला नाही तर त्याचे काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण कोकणातल्या महाड या गावी घडले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनाही खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातले चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव उत्तम होता. परंतु तळ्यावर पूर्वीचाच रिवाज चालू राहिला. तळ्यात गुरे पाणी पीत, इतर सर्व माणसे पाणी भरत. ज्यांच्यासाठी ठराव झाला ते मात्र काठावरही फिरकू शकत नव्हते. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. ही दशा एकट्या महाडची नव्हती. म्हणूनच जी नगरपालिका ठरावाची अंमलबजावणी करणार नाही तिचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोले यांना १९२६ साली मांडावा लागला.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी परिषदेला आलेले लोक रांगेने, शांतपणे गावातून चवदार तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी व त्यांच्या मागोमाग इतरांनी ओंजळीने पाणी घेतले. या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तो मानवी हक्कांचा लढा म्हणून ओळखला जातो ते रास्तच आहे. परंतु आपण नगरपालिकेचे नागरिक म्हणून त्याची आणखी एक बाजू ध्यानात घ्यावी. त्या दिवशी तळ्यावर गेलेल्यांनी कोणताही नियम मोडला नाही. उलट, नगरपालिकेने जे स्वतः ठरविले होते त्याचीच अंमलबजावणी त्यांनी आपल्या पायांनी चालत जाऊन केली.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. हे लोक आता देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. मागाहून तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. एवढ्यावर न थांबता, ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. बोले यांच्या मूळ ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडास आले, तेव्हा तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा काही मंडळींनी लावला होता आणि कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. तो हुकूम मानून त्या वेळी तळ्यावर जाणे स्थगित करण्यात आले आणि लढा कोर्टात चालला. खालच्या कोर्टापासून मुंबईच्या हायकोर्टापर्यंत जाऊन १७ मार्च १९३७ रोजी त्याचा अखेरचा निकाल लागला. तळ्यावर जाण्याचा अधिकार मान्य झाला. नगरपालिकेच्या बुकातली एक ओळ खरी ठरण्यास अशी तेरा वर्षे लागली.

श्रोतेहो, या हकीकतीतून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की ठराव कळला पाहिजे. ज्याला ठराव ठाऊकच नाही, तो त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह कसा धरणार? दुसरी गोष्ट, कळलेल्या ठरावाचा पाठपुरावा केला पाहिजे. आणि तिसरी, ठराव जसा होतो तसा तो रद्दही होतो; म्हणून नजर सदैव ठेवली पाहिजे.

आज आपली स्थिती महाडच्या त्या लोकांपेक्षा पुष्कळ सोपी आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान मिळाले आणि तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने कार्यालयांनी आपली कामे, नियम आणि निर्णय आपण होऊन जाहीर करावेत असे बंधन घातले. शिवाय साध्या अर्जाला सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे भाग पाडले. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. त्यान्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. तरीही नुसत्या कायद्यावर विसंबून चालत नाही. मुदत संपूनही निवडणुका न झाल्यामुळे २०२२ पासून काही वर्षे मुंबई-पुण्यासारख्या शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. महापालिका होती, कर होता, कामे चालू होती. जाब विचारणारी सभा तेवढी नव्हती. फिरोजशहांनी १८७१ साली दाखविलेले दुखणे इतक्या वर्षांनी पुन्हा दिसले, आणि त्याविरुद्ध ओट्याबाहेर फारसा आवाज उठला नाही.

तेव्हा मोठमोठ्या गोष्टी बाजूला ठेवून लहान सवयी लावून घ्याव्यात. तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी. तिची नक्कल ठेवावी. आवक क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त मागून वाचावे. वर्षातून एकदा अंदाजपत्रकावर नजर टाकून आपल्या पेठेसाठी काय धरले आहे ते पाहावे. वर्षभरात एकदा तरी सभेत जाऊन बसावे. आणि आपल्या वस्तीतल्या ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अर्ज आपण लिहून द्यावा. कारण कोरड्या नळाची तक्रार करण्याची ज्याची ऐपत नाही, त्याच्याच दारचा नळ पुष्कळदा सर्वांत आधी कोरडा पडतो.

महाडच्या तळ्यावर गेलेल्या लोकांपाशी छापील अर्ज नव्हता, पोचपावती नव्हती, तीस दिवसांची मुदत नव्हती. नगरपालिकेने असा ठराव केला आहे, एवढे त्यांना ठाऊक होते; आणि तेवढ्या आधारावर ते निघाले. आपल्याला घरापासून नगरपालिकेच्या कचेरीपर्यंत जावयाचे आहे. ती वाट त्यांच्या वाटेच्या मानाने फारच जवळची आहे.